समुद्राचा सीझन आणि अण्णांचा मुहूर्त

“समुद्र बंद असतो म्हणजे? शटर पाडतेत का त्याचं?”

अण्णांनी हे मला माझ्याच ऑफिसात, माझाच चहा पीत विचारलं. क्रांती चौकात माझी ट्रॅव्हल एजन्सी होती, हे तुम्हा मुलांना ठाऊक आहे. तुम्ही तिकडे फोनवर बोट फिरवून तिकीट काढता. एका तिकिटासाठी पूर्वी कोणाकोणाची समजूत काढावी लागे, ते कळावं म्हणून ही एक बुकिंग सांगते.

अण्णा पाचोडचे, मोसंबीचे बागाईतदार. सोबत त्यांची पुतणी मुक्ता. ती शहरातल्या एका शाळेत स्विमिंग कोच होती. स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याचा पहिला कोर्स तिने मालवणला केला होता. आता ॲडव्हान्स्ड करायचा होता. त्यात शंभर फूट खोल जातात आणि खाली कंपास बघून दिशा शोधतात. एका डाइव्ह सेंटरने तिला नोकरी देऊ केली होती. अट एकच, येत्या मार्चपर्यंत हा कोर्स झालेला हवा. तिचे वडील आले नव्हते. त्या घरात अण्णा निर्णय घेत आणि वडील ते पाळत.

अण्णांनी आषाढ ठरवून आणला होता. पेरण्या उरकलेल्या, लग्नं बंद, सगळे मोकळे. शिवाय पोरीला सोडायला घरचे सगळे येणार होते.

“आषाढात समुद्र खवळलेला असतो,” मी म्हटलं. “बोटी निघत नाहीत.”

“मग धरणात शिकवा की. आपल्या धरणात काय पाणी कमी हाय व्हय?”

पाणी भरपूर आहे, व्हिजिबिलिटी नाही, असं मी सांगितलं. व्हिजिबिलिटी म्हणजे पाण्याखाली किती लांबचं दिसतं ते. धरणात स्वतःचा हात दिसला तरी नशीब. मालवण जवळचं, पण खोली आणि स्वच्छ पाणी दोन्ही मिळेलच याची खात्री नाही. अंदमानात मिळतं, आणि फेब्रुवारीत समुद्रही शांत असतो. मुक्ताला शाळेकडून रजाही फेब्रुवारीतच मिळणार होती, एक आठवडा. अण्णांनी कप खाली ठेवला आणि “बघा मग तुमच्या मनानं,” म्हणाले. मी बुकिंग केलं.

दिवाळीच्या आधी ते परत आले. मुक्ता मागे उभी, चेहरा उतरलेला.

“म्याडम, तारीख बदला. आमच्या पोराचं, सुनीलचं लग्न धरलंय त्याच आठवड्यात. त्याला सख्खी बहीण नाय. करवली हीच.”

मी अंदमानच्या डाइव्ह सेंटरला फोन केला. सीझनमध्ये इन्स्ट्रक्टर आधीच ठरलेले असतात. मार्चपर्यंत दुसरी जागा नव्हती, आणि शाळाही दुसरी रजा देणार नव्हती. अण्णांनी लगेच तोडगा काढला.

“सकाळी बुडी मारंल, संध्याकाळच्या इमानानं येईल. हळदीला हजर.”

डाइव्हनंतर एक पूर्ण दिवस विमानात बसत नाहीत. खोलवर हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो, तो सावकाश बाहेर पडावा लागतो. लगेच उंच गेलं तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे रक्तात येतात. माणूस लुळा पडू शकतो. हे सांगून मी म्हटलं, “ते तिकीट मी काढणार नाही.”

“मग लग्नाची तारीखच पुढं न्या,” मुक्ता हळूच म्हणाली.

“मुहूर्त हाय तो. खेळ हाय का?”

“अण्णा, गुरुजींनी तीन मुहूर्त दिले होते. हा आमदारसाहेबांच्या पीएनं निवडला.”

मला राहवलं नाही. “आणि साहेबांना त्या दिवशी जमलं नाही तर?”

“तर काढीव मुहूर्त काढू. त्यात काय एवढं?” काढीव म्हणजे पंचांगात सरळ सापडत नाही, म्हणून गुरुजींनी शोधून दिलेला.

“मग माझ्यासाठी काढा,” मुक्ता म्हणाली.

“तू काय आमदार हायस?”

बिचारे अण्णा हे अगदी प्रामाणिकपणे विचारत होते. मुक्ता माझ्याकडे वळली. “मॅडम, बुकिंग राहू द्या. मी जाणार. परतीचं तिकीट तुमच्या नियमानं.” अण्णा तिला न घेताच निघून गेले. दारातून सांगून गेले की लग्नाच्या पाहुण्यांची तिकिटं आता दुसरीकडे काढू. घरी तिच्याशी बोलणं बंद झालं. आईसुद्धा फोनवर फक्त जेवलीस का एवढंच विचारी.

जानेवारी संपता संपता साहेबांचा दिल्ली दौरा निघाला. पीएचा फोन आला आणि दुपारपर्यंत काढीव मुहूर्त निघाला, दहा दिवस पुढचा. पत्रिका पुन्हा छापल्या. मुक्ता अंदमानला गेली, कोर्स पुरा करून आली आणि करवली म्हणून मिरवली. साहेब शेवटी आलेच नाहीत, हार पाठवला.

मलाही आमंत्रण होतं. पंगतीत अण्णा व्याह्यांना सांगत होते, “पुतणीचा कोर्स होता. म्हटलं, लग्न सरकवू, पोरीचं नुकसान नको.”

मुक्ता जिलबी वाढत होती. तिने व्याह्यांना वाढली आणि अण्णांना न वाढता पुढे गेली.

तुमच्यापैकी कोणाला हा कोर्स करायचा असेल तर तारीख समुद्राला विचारून ठरवा आणि बुकिंग आधी करा. घरच्यांना मुहूर्त नंतर सापडतो.