कॉर्कचं पॅकिंग

धर्मापुरीला भाचीचं लग्न होतं आणि नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा, म्हणजे माझा. नेमकं युसूफ वडगावात जीपचं ऑइल गळायला लागलं. नाक्यावरच्या मिस्त्रीनं इंजिनावरचं झाकण काढलं, त्यावर कॉर्कचा पातळ तुकडा ठेवला आणि लहान हातोडीनं कडेकडेनं ठोकत पॅकिंग कापायला बसला. टुक, टुक. मधेच फुंकर मारायचा, कड बोटानं चाचपायचा, पुन्हा टुक.

"अहो, तयार रबराचं टाका ना! तिकडं नवरी खोळंबलीय!" मी ओरडलो.

मान वर न करता तो म्हणाला, "झाडाची साल हाय ही, मामा. काढली तरी परत येती. पण घाईत खोल घाव बसला की झाडच जातंय. उस्तादानं सांगितलंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला झाड नको होतं, जीप हवी होती!

पोचलो तेव्हा मुहूर्त टळला होता. भाची मुंडावळ्या सावरत दारातच उभी होती, भटजी डोळे वटारून बघत होते. अक्षता पडल्या आणि मी तडक जीपकडं गेलो. झाकणाच्या कडेनं बोट फिरवलं. थेंबभरही ऑइल नव्हतं. मग तर मी आणखीच चिडलो. आता शिव्या तरी कुणाला घालू?