वाणाच्या डब्यासाठी लेकीचा नंबर

मैत्रिणींनो, डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

आज सकाळी आपल्या सोसायटीच्या मंदिरात संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. वाण वाटायला एका क्लासची बाई आली होती. डबा देण्याआधी तिने फॉर्म पुढे केला. मुलांची नावं, शाळा, इयत्ता, मोबाईल, खाली सही. माझा फोन दुरुस्तीला, म्हणून मी लेकीचा नंबर लिहिला. देवीसमोर कुंकू लावणाऱ्या बाईवर संशय कसा घ्यायचा?

दुपारी लेकीला फोन आला. पुरुषाचा आवाज. "हॅलो प्राची, नववीत ना तू? गणित अवघड जातं का?"

पोरगी घाबरली. "आई, ह्याला माझं नाव कसं माहीत?"

मी फोन ओढून घेतला. नंबर कुठून मिळाला, विचारलं.

"मॅडम, डेटा असतो आमच्याकडे."

"डेटा नाही, माझी मुलगी आहे ती!"

मग लेकीच्याच फोनवरून, डब्यावर छापलेल्या नंबरवर त्या बाईला फोन लावला. ती हसून म्हणते, "ताई, फॉर्मवर सही तुमचीच आहे."

खरंय, हाच तर संताप आहे. कोथिंबिरीच्या जुडीसाठी मी पिंपरी मंडईत चार जणींना भाव विचारते, आणि लेकीचं नाव, शाळा एका प्लास्टिकच्या डब्यासाठी लिहून दिली.

वाण परत करू नये म्हणतात. देवी मला माफ करेल. उद्या दहा वाजता डबा त्या क्लासच्या टेबलावर ठेवून माझा फॉर्म परत मागणार आहे.

फॉर्म तुम्हीही भरलेत. कोण कोण येतंय?