टाळीवरचा मिक्सर

मिक्सर टाळीवर चालला पाहिजे, हा हट्ट माझा. तेव्हा चाळिशीत होते मी आणि स्वतःला फार आधुनिक समजायचे. अक्कल अजून वाटेत होती.

गल्लीतला वायरमन मात्र नको म्हणत होता. कानावर कायम टेस्टर खोचलेला आणि तोंडात एकच वाक्य, "वैनी, तुमी फकस्त बसा! घर आपलं आपण चालतंय." नव्वदीचं दशक सरत होतं. एका टाळीला दिवा, दोन टाळ्यांना पंखा, टाकी भरली की मोटार आपोआप बंद, असं सगळं त्यानं आमच्या घरात बसवलं.

"पर मिक्सर नको, वैनी. त्येला काय कळतंय?"

"तीन टाळ्यांवर ठेव," मी फर्मावलं.

आमचं घर हा त्याचा नमुना. ते बघून ऑर्डरी आल्या की मोटार वाइंडिंगची नोकरी सोडायची आणि स्वतःचं दुकान टाकायचं, असं त्यानं बायकोला सांगून ठेवलं होतं. म्हणून गणपतीत मी अख्खी गल्ली आरतीला बोलावली. आता तुम्हीच सांगा, आरतीला माणसं काय करतात?

टाळ्या सुरू झाल्या. दिवे लागले, विझले, परत लागले. पंखा फिरला, निरांजन गेलं. आणि हॉललगतच्या ओट्यावर, झाकण न लावलेल्या मिक्सरमधलं खिरापतीचं खोबरं उडालं ते थेट मंडळींच्या डोक्यावर. सासूबाई पदर झटकत म्हणाल्या, "बरं झालं, प्रसाद वाटायचे कष्ट वाचले."

गल्ली पोट धरून हसली. वायरमन तेवढा हसला नाही. टेस्टर खिशात घातला आणि न जेवताच गेला.

टाळीचं सगळं मी नंतर काढून टाकलं. साध्या घराला यातलं काय परवडतं असं विचाराल, तर टाकीचं तेवढं. दिव्यासाठी उठलं तर गुडघे तरी चालते राहतात. टाकीची मोटार अजून वेळेवर बंद होते. ती बसवणारा मात्र आता राहिला नाही.

पण त्या आरतीच्या दुसऱ्या दिवशी मी खाली मान घालून त्याच्या दारात गेले होते. तिथं गणेश मंडळांची माणसं आधीच उभी. "तुझं दुकान बुडवलं रे मी," म्हटलं.

तो म्हणाला, "कुठलं बुडतंय, वैनी! घरात कोण घेणार न्हाय आता, पर मंडळास्नी आरतीला नाचणारं दिवं पायजेत. उद्घाटनाला या की, नारळ तेवढा आख्खा आणा!"