सही नसलेली चिठ्ठी

सहीकाका आमच्या वाचनालयात आले त्या दिवशी मी समितीवर भडकलेच होते. मला खुर्च्या उचलणारा, कपाटं हलवणारा दणकट माणूस हवा होता. समितीने पाठवला बुडालेल्या बँकेतला एक कारकून. वय एक्कावन्न, अंगाने काडी, शर्टाला कडक इस्त्री आणि खिशाला दोन पेनं. "बाई, खुर्च्यांचं रजिस्टर कुठे असतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, खुर्च्यांना कसलं आलंय रजिस्टर, बसायचं आणि उठायचं. आठवड्याभरात रजिस्टर तयार होतं. चौऱ्याऐंशी खुर्च्या, प्रत्येकीला नंबर, आणि पुढे बारीक, सरळ अक्षरात शेरा. 'मागचा डावा पाय हलतो.' 'पाठ निसटते, जाड माणसाला देऊ नये.' त्यानंतर मी त्यांच्याबद्दल तक्रार केली नाही.

सहीकाका हे नाव बँकेतच पडलेलं. तीस वर्षं ते एकाच टेबलावर बसले. समोर नमुना सह्यांच्या कार्डांचे लाकडी खण. चेक आला की खातेदाराचं कार्ड काढायचं, दोन्ही सह्या शेजारी ठेवायच्या, जुळल्या की कोपऱ्यात पेन्सिलीची खूण करून कागद पुढे ढकलायचा. या कामात ते इतके मुरले होते की सही पाहून माणसाची तब्येत सांगायचे. घरात भांडून आलेल्याची सही वर चढते, म्हणायचे, आणि आजारी माणसाची शेवटाला खाली घसरते. मी थट्टेने माझी सही करून पुढे ठेवली, तर म्हणाले, "बाई, तुम्ही सही करत नाही, सहीला हाकलून देता."

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता आमच्या छोट्या सभागृहात माहितीपट दाखवतात. पूर्वी प्राणी, पर्वत, समुद्र असं काहीबाही असायचं. बँक बुडाल्यापासून लोकांना एकच विषय हवा: घोटाळे. कुठली तरी बँक बसली, कुठल्या तरी देशाचं चलन कागद झालं, कुणी तरी मोठा माणूस विमानातून पळाला. असे माहितीपट लागले की सभागृह भरायचं. दुसऱ्यांची बँक बुडताना बघायला माणसाला जरा बरं वाटतं, हे मी नऊ वर्षं दाराशी उभी राहून पाहिलं आहे. बाहेर पडताना प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. नाव लिहायची सक्ती नाही. सोमवारी सगळ्या चिठ्ठ्या व्हरांड्यातल्या बोर्डावर लागतात. शिवीगाळ सोडली तर एकही वगळायची नाही, हा माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी घातलेला नियम.

बोर्ड लावायचं काम सहीकाकांचं. अर्धं गाव त्यांच्या खातेदारांचं, त्यामुळे बिननावाची चिठ्ठी कुणाची हे त्यांना एका नजरेत कळायचं. मी खोदून खोदून विचारायचे. ते हसायचे आणि टाचणी टोचायचे. खातेदाराची गोष्ट बाहेर सांगायची नाही, ही बँकेतली सवय बँक गेल्यावरही सुटली नव्हती.

आता त्यांच्या ताईंबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्यांच्यापाशीच येऊन थांबते. ताई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठ्या. आई कामावर जायची, म्हणून धाकट्याला अक्षरं ताईंनीच शिकवली. "याचा 'र' बघा," त्या मला एकदा म्हणाल्या, "पाय लांब ओढतो. पट्टी खाल्लीय त्यासाठी माझ्या हातची, तरी सुधारला नाही." नवरा गेल्यावर मिळालेली सगळी रक्कम ताईंनी भावाच्या बँकेत मुदत ठेवीत ठेवली होती. ती बुडाली. आज सदुसष्टाव्या वर्षी ताई शिलाई मशीनवर बसून दुसऱ्यांच्या पडद्यांना दुमड घालतात. दर गुरुवारी वाचनालयात येतात, एक मासिक परत करतात, एक नेतात, आणि बोर्डावरच्या चिठ्ठ्या चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात.

भावाला त्यांनी कधी एका शब्दाने दुखवलं नाही. उलट कुणी वाकडं बोललं तर ताई वाघिणीसारख्या अंगावर यायच्या. "तो साधा कारकून. त्याला काय दाखवणार ते लोक?" हे वाक्य मी नऊ वर्षांत कितीदा ऐकलं असेन. ताई असं बोलल्या की सहीकाका हमखास उठून खुर्च्या मोजायला जायचे. मला वाटायचं, माणूस लाजाळू आहे.

गेल्या महिन्यात आमच्याच बँकेवरचा माहितीपट आला. दोन तरुण मुलींनी तीन वर्षं कागद गोळा करून केलेला. चौऱ्याऐंशी खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. अर्ध्या तासाने पडद्यावर कर्जाचे अर्ज दिसू लागले. एकशे चाळीस कर्जदार, एकशे चाळीस नावं, आणि ती सगळी माणसं कागदावरच जन्मलेली. हस्ताक्षरं तपासणाऱ्या एका बाईंनी सह्या एकाखाली एक लावून दाखवल्या. प्रत्येक सहीखाली रेघ, आणि प्रत्येक रेघेचं टोक गळासारखं आत वळलेलं. सगळ्या एकाच हाताच्या. मग त्या बाई कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हे बँकेत कुणालाच कसं दिसलं नाही?"

सभागृहात कुणी तरी ओरडलं, "आंधळे होते का सगळे?" हशा झाला, शिट्टी आली. तिसऱ्या रांगेतून ताई उठल्या. पडद्यावरचा उजेड त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडला होता. "माझा भाऊ तीस वर्षं तिथे होता," त्या म्हणाल्या. "कर्जाचे कागद त्याच्याकडे येतच नव्हते. आले असते तर एका मिनिटात ओळखलं असतं त्याने!" ताईंपुढे कुणी बोलत नाही.

माहितीपट संपला. दिव्यांची बटणं मागच्या भिंतीवर, सहीकाकांच्या हाताशी. पडदा काळा झाला तरी दिवे लागले नाहीत. मला "काका!" म्हणून हाक मारावी लागली.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं पेटी घेऊन बसलो. चिठ्ठ्या नेहमीप्रमाणे नाना तऱ्हेच्या. 'चेअरमनला चौकात उभा करा.' 'विषय चांगला, आवाज कमी.' 'सत्तावन्न नंबरची खुर्ची टोचते.' एका चिठ्ठीत फक्त एवढंच होतं: 'माझ्या मुलीचं शिक्षण सुटलं, ते यात कुठेच नाही.' ती मी दोनदा वाचली आणि बोर्डाच्या मधोमध लावायला सांगितली. आणि मग अकरा चिठ्ठ्या निघाल्या, अकराही जणांचं एकच म्हणणं, 'आम्हाला आधीच माहीत होतं.'

माझं डोकं फिरलं. "काका, या लोकांचा मला सगळ्यात जास्त राग येतो," मी म्हटलं. "चोराचं सोडा, तो चोरच. पण ज्याला दिसलं आणि जो गप्प बसला, त्याला झोप तरी कशी लागते?"

सहीकाकांच्या हातात टाचण्यांची डबी होती. "नाही लागत, बाई," ते म्हणाले.

मी ते हो ला हो समजले आणि पुढची चिठ्ठी उघडली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "उशिरा आलेली चिठ्ठी लावायची का?"

"लावायची. नियम तो नियम."

ती चिठ्ठी मी बुधवारी दुपारी वाचली, तीही बोर्डासमोर गर्दी का जमली म्हणून बघायला गेले तेव्हा. उजव्या कोपऱ्यात, सगळ्यात खाली. 'त्या सह्या एका हाताच्या आहेत हे मला बँक बुडण्याच्या दोन वर्षं आधी दिसलं होतं. कर्जाच्या फायली चुकून माझ्या टेबलावर आल्या होत्या. मी मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, तुमचं काम तुमच्या टेबलापुरतं. मी फायली परत केल्या आणि गप्प बसलो. माझ्या घरच्या माणसाची ठेव त्याच बँकेत होती. ती काढून घे असं मी सांगितलं नाही. ठेव निघाली असती तर माझ्यावर संशय आला असता आणि नोकरी गेली असती. पुढे नोकरीही गेली.'

खाली सही नव्हती. सहीची गरजच नव्हती. चौऱ्याऐंशी खुर्च्यांचे शेरे ज्या अक्षरात होते, तेच हे अक्षर.

गर्दीला मात्र ते माहीत नव्हतं. लोकांनी उभ्या उभ्या निकाल लावून टाकला होता: हे बँकेचे कॅशियर. कॅशियर चार वर्षांपूर्वी वारले. मरण्याआधी लिहून ठेवलं असेल, बायकोने आता आणून टाकलं, असं कुणी तरी छातीठोकपणे सांगत होतं. त्यांची बायको दोन गल्ल्या पलीकडे राहते. मला तिथे उभं राहून सांगता आलं असतं की हे कॅशियरचं नाही. मी सांगितलं नाही. ज्यांच्यावर सोमवारी एवढी तडतडले होते, त्यांच्याच ओळीत बुधवारी मी जाऊन बसले, हे इथे कबूल करते.

गर्दी पांगल्यावर सहीकाकांना स्टोअरच्या खोलीत गाठलं. ते मोडक्या खुर्चीला स्क्रू लावत होते. "ती चिठ्ठी काढू का?" मी विचारलं.

"नियम आहे ना, बाई."

"उद्या गुरुवार आहे. ताई येतील."

"म्हणूनच लावलीय." त्यांनी स्क्रू खाली ठेवला. "तोंडाने जमत नाही हो. ती माझ्यासाठी भांडून आली की दर वेळी वाटतं, आज सांगू. मग ती पानं घेते, जेव म्हणते, आणि माझं अवसान जातं. जगात एकच माणूस मला निर्दोष समजतं. तेवढंच माझ्याकडे शिल्लक आहे." नंतर ते रडले. साठीचा माणूस मोडक्या खुर्चीवर डोकं टेकून रडत होता आणि मला राग आणि दया यांतलं नेमकं काय वाटतंय ते ठरवता येत नव्हतं. दोन्ही वाटत होतं.

गुरुवारी ताई पाच वाजता आल्या. मासिक काउंटरवर ठेवलं, चष्मा लावला, बोर्डाकडे गेल्या. मी पुस्तकांवर शिक्के मारायचं सोंग करत होते. वरची रांग झाली, मधली झाली. मुलीच्या शिक्षणाच्या चिठ्ठीपाशी त्या जरा थांबल्या. मग वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या. शेजारी दोघं जण होते. त्यांतला एक म्हणाला, "वाचलंत ना ताई? कॅशियर कसले पोचलेले निघाले!"

ताई काउंटरपाशी आल्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "त्याला बोलवा," म्हणाल्या.

सहीकाका आले. ते दारातच थांबले. ताईंनी त्यांना हाताने जवळ बोलावलं.

"खाली सही राहिली आहे," ताई म्हणाल्या.

मी मधे तोंड घातलं. "ताई, आपल्याकडे चिठ्ठीवर सही लागत नाही."

"तुमच्याकडे लागत नसेल. मेलेल्या माणसाच्या नावावर खपतंय ते. त्याची बायको भाजी आणायला बाहेर पडते की नाही?" मग भावाकडे वळून, "नऊ वर्षं मी लोकांना सांगत फिरले."

"हो."

"तू तिथेच उभा असायचास."

"हो, ताई."

"परवासुद्धा. भर सभेत." त्यांचा आवाज इथे फाटला. "निदान खाली बस म्हणायचंस मला."

ताईंनी काउंटरवरचं माझं पेन उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. ते बोर्डाशी गेले. मघाचे दोघं बाजूला सरकले, व्हरांड्यातले आणखी चार जण वळून बघू लागले. चिठ्ठी टाचणीवरच होती, मागचा बोर्ड टाचण्यांच्या भोकांनी खडबडीत. तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासलेल्या माणसाने गावासमोर आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग एक पाऊल मागे येऊन त्याकडे बघितलं, आणि बँकेतल्याच आवाजात हळूच म्हणाले, "जुळत नाही. शेवटाला घसरलीय."

ताईंनी चष्मा सारखा केला. वाकून सही पाहिली, प्रत्येक अक्षर, 'र' चा लांब ओढलेला पायसुद्धा.

"जुळते," त्या म्हणाल्या. पेन मला परत दिलं आणि मासिक न घेताच पायऱ्या उतरून गेल्या.