आठच्या आधीचं मैदान

ती सकाळ विसरावी असं मला फार वाटतं. वयानं दात नेले, गुडघे नेले, ती तेवढी नेली नाही.

धाकटी नातवंडं शाळेत सांगत सुटतात की आमची आजी फौजदार होती. मी ती समजूत मोडत नाही. खरं एवढंच की आमचे मालक पोलीस शिपाई होते, ते तापानं गेले, आणि बायकांची झडती बाईनंच घ्यावी असा कायदा असल्यानं सोलापूरच्या एका चौकीवर मला ठेवून घेतलं. वय बावीस. हुद्दा म्हणावा असा नाहीच, पण छातीला पितळी बिल्ला होता. तो मी रोज चिंचेनं घासायची, इतका की त्यावरचा नंबर पुसट झाला. सकाळची हजेरी झाली की फौजदारसाहेब स्टेशन डायरी उघडत आणि मी दाराशी अशा थाटात उभी राहायची की येणाऱ्याला वाटावं, खुद्द गव्हर्नरची थोरली बहीण आली आहे.

आमच्या हद्दीत विणकरांच्या वस्तीला लागून एक लांबट मैदान होतं. गिरण्यांमुळे गाव वाढत होतं, नवी पेठ माणसांनी फुगली होती, आणि एका कंत्राटदाराला त्या मैदानावर दुकानांचे गाळे बांधायचे होते. म्युनिसिपालिटीतल्या काही भल्या माणसांनी मोडता घातला. म्हणाले, सगळंच बांधून काढलं तर माणसांनी बसायचं कुठं? तिथे बाग करू. शेवटी ठरलं असं की पावसाळा संपेपर्यंत कडुलिंबाची रोपं जगली तर बाग, नाहीतर जागेचा लिलाव. ओव्हरसियर भर दुपारी येऊन मोजणी करून गेला. कागदावर लिहिलं, ‘जागा मोकळी, वापर नाही.’ मग मैदानाच्या मधोमध रांगेनं रोपं लागली आणि प्रत्येकाभोवती बाभळीचे काटे रोवले गेले.

पंधरा दिवसांत रोपं नाहीशी व्हायला लागली. रोज एखाद-दुसरं, आणि त्याचे काटे तेवढे बाजूला नीट रचलेले. फिर्याद आमच्याकडे आली. फौजदार म्हणाले, “ज्याला गाळे हवेत त्याचंच हे काम असणार.” माझा तपास त्याहून सखोल होता. मी वस्तीतल्या चार बकऱ्यांची तोंडं उघडून हुंगली. एकीनं माझा पदर खाल्ला.

आणि मग खबर आली ती खुद्द कंत्राटदाराच्या दिवाणजीकडून. पान चघळत चौकीत शिरला. “साहेब, आमच्यावर वहीम घेता व्हय? उजाडताना जाऊन बघा की. विणकराची बाई हाय. कमरंला खुरपं असतंय.”

तो गेल्यावर फौजदार म्हणाले, “खबर खरी असेल. पण खबर देणारा लई खूश दिसतोय. सांभाळून जा.” मी सांभाळून या शब्दाचा अर्थ पदर नीट खोचून असा घेतला.

दुसऱ्या दिवशी सहाच्या सुमाराला मी आणि आमचे म्हातारे हवालदारमामा मैदानावर पोचलो. त्या मैदानावरून मी रोज जायची, पण या वेळेला कधी गेले नव्हते. मैदान माणसांनी भरलेलं होतं. बांबूच्या घोड्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचे ताणे पसरलेले, त्यांना जोंधळ्याची खळ लावलेली, आणि दोन्ही अंगांनी बायका-पुरुष लांब कुंचे फिरवत चाललेले. याला पाजणी म्हणतात. कडक ऊन चढायच्या आत ती संपवावी लागते, आणि मध्ये हात थांबला की ओले धागे एकमेकांना चिकटून बसतात. हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी मला दिसलं फक्त खुरपं.

पोलीस बघताच बाकीचे आपापले ताणे घोड्यांसकट उचलून पांगले. एकच ताणा हलता राहिला. एका अंगाला नवरा, दुसऱ्या अंगाला ती. तिचं घर तेलुगू बोलणारं, माझं माहेर वळसंगचं, कानडी बोलणारं. मराठी दोघींचंही मोडकंच.

“सरकारी रोपं कुटं हायत?”

तिनं कुंचा थांबवला नाही. “समदं सांगते, पोलीसअम्मा. एक तास थांब. सूत वलं हाय.”

“सरकार कुणासाठी थांबत नाही!” मी म्हणाले. सरकार! मी! जिला आदल्या दिवशी बकरीनं हरवलं होतं!

हवालदारमामा हळूच म्हणाले, “बाई, थांबू या की. पळून कुटं जातीय ती?”

पण बिल्ला माझ्या छातीवर होता, मामांच्या अकलेवर नव्हता. मी तिच्या हातातून कुंचा घेतला आणि तिला चौकीवर आणलं.

तिथे मी जबाब घ्यायला बसले. ती माझ्याकडे बघतच नव्हती. दारातून आत येणाऱ्या उन्हाकडे बघत होती.

“रोपं कितीला विकलीस?”

“कडुलिंब? सोलापुरात कडुलिंब इकत कोन घेतंय, अम्मा?”

मामांना एकदम खोकला आला.

फौजदारांनी टाक खाली ठेवला. “रोपं नेलीस, ते कळलं. मग काटे नीट एका बाजूला का रचलेस?”

“पोरं अनवानी हिंडत्यात, साहेब. आनि काट्यात सूत अडकतंय. रोपं आमच्या ताण्याच्या वाटंवर लावली की हो.”

“आता कुठं आहेत?”

“घरी. जित्ती.”

पंच घेऊन आम्ही तिच्या घरामागे गेलो. रॉकेलचे डबे, फुटकी मडकी, एक जुनं घमेलं, आणि प्रत्येकात एक रोप. खळीचं धुवण घालून जगवलेली. सगळ्यांना नवी पालवी. मोजली तर एकही कमी नाही. पाऊस पडला की ती मैदानाच्या दोन्ही कडांना लावणार होती, मधली वाट मोकळी सोडून. “झाडं मोठी झाली की ताण्यावर सावली पडंल. खळ दमानं वाळंल,” ती म्हणाली. फौजदारांनी तिला सांगितलं की रोपं मेली असं कागदावर गेलं असतं, तर मैदानाचा लिलाव झाला असता. तिनं जवळचा डबा दोन्ही हातांनी धरला. “आमाला कुनी सांगितलंच न्हाई.”

मैदानावर परतलो तेव्हा ऊन तापलं होतं. तिचा नवरा एकटाच या अंगाहून त्या अंगाला धावत होता, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. ताणा पापडासारखा कडक झाला होता. तिनं एक टोक हातात घेऊन वाकवलं. कट कट असे बारीक आवाज झाले. ती रडली नाही, तिनं मला शिव्या दिल्या नाहीत. फक्त म्हणाली, “दोन लुगड्यांचं सूत हुतं.” आणि गुंडाळायला लागली.

अंगझडतीत खुरप्याखेरीज काही मिळालं नाही, असं पंचनाम्यात आहे. त्या बाईचं काय गेलं, याला पंचनाम्यात जागा नसते.

चोरीचा हेतू नाही असा शेरा मारून फौजदारांनी तिला सोडलं. पंचनाम्यात रोपं जिवंत निघाली, म्हणून लिलाव टळला. दिवाणजी पुन्हा चौकीकडे फिरकला नाही. पावसाळ्यात ओव्हरसियरनं तिनं दाखवल्याप्रमाणेच दोन्ही कडांना झाडं लावली. कागदावर कल्पना अर्थातच त्याची होती. फौजदारांनी माझी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटूनही घेतली.

पुढच्या वर्षी बागेला लोखंडी कठडा झाला, फाटक झालं, आणि फाटकावर पाटी लागली: उघडण्याची वेळ सकाळी आठ.

ती चौकीवर आली. पोलिसांत तिला ओळखीची अशी मी एकटीच. “पोलीसअम्मा, आठला तर ऊन येतंय की.”

मी फौजदारांना सांगितलं. त्यांनी पत्र धाडलं. उत्तर आलं की वेळ लोकांच्या सोयीनं ठरवली आहे. मी ते तिला वाचून दाखवलं. लोक कोण, ते तिनं विचारलं नाही. वर्षभरात त्यांचा माग मोडीत निघाला आणि दोघं गिरणीत लागली.

नोकरीत पुढे मी खूप झडत्या घेतल्या. पण समोरच्यानं ‘थोडं थांबा’ म्हटलं की आधी विचारायची, कशासाठी? आणि एखादी जागा रिकामी आहे असं कुणी सांगितलं की विचारायची, तुम्ही किती वाजता पाहिलीत?

आता मुलाचं घर त्याच बागेजवळ आहे. नातसून मला सकाळी फिरायला नेते, आठनंतर. कडुलिंब दोन्ही बाजूंनी वर भिडलेत आणि मधल्या पट्ट्यावर दाट सावली पडते. सगळे तिथूनच चालतात. मी कडेच्या खडबडीत वाटेनं जाते.

“आजी, मधून चला की. सपाट आहे,” ती म्हणते.

मी म्हणते, “नको गं. सूत ओलं आहे.”