गोंडेवाली बोट

साठाव्या वर्षी माणूस किती अल्लड असतं, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. त्या कोवळ्या वयात मी बोट पसंत करायला गेले होते.

कारण माझी धाकटी बहीण. तिला धरणाच्या पलीकडच्या काठावर दिलेली. आमच्या काठावरून तिच्या गावाचा कळस दिसतो, पण जीपनं वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडतो. तिचा मणका सरकला आणि जीपचे गचके तिला सोसेनासे झाले. तीन वर्षं ती माझ्याकडे आली नव्हती.

माझा लेक सेनगावात ट्रॅक्टर दुरुस्त करतो. तो म्हणाला, "माय, जुनी जेट बोट घेऊ. तिला बाहेर पंखा नसतो. खालून पाणी ओढती, मागून फेकती. आपल्या काठाला पाण्यात बाभळीची खुटं हायत, साध्या बोटीचा पंखा एका दिसात तुटंल."

एका बंद पडलेल्या सहलीच्या ठिकाणी दोन बोटी विकायला होत्या. एक लालभडक, एक मळकट राखाडी. बैलबाजारात फिरावं तशी मी लालीभोवती फिरले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हीच." लेक मात्र उताणा पडून दोघींच्या पोटाखाली हात घालत होता.

"काय चाचपून राहिला रे?"

"आतल्या पंख्याची पाती. लालीची दगडं ओढून ओढून खराब झाली. राखाडीची बराबर हायत."

"आरं, पण रंग बघ की तिचा!"

"माय, तुला पाण्यात चालवायचीय का वरातीत मिरवायची?"

राखाडी घरी आली. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं तह केला, सजावट माझ्याकडे. बहिणीच्या कमरेसाठी मी मागचा कडक बाक काढून नवारीची बैठक विणवली. तेवढ्यावर थांबले असते तर मी कसली! पोळ्याची झूल दोन्ही बाजूंनी सोडली आणि तिला हातभर लांब गोंडे लावले.

"पाण्याला लागतील," लेक म्हणाला.

"शोभेतलं तुला काय कळतंय?"

बहिणीनं फोनवर अट घातली, "पहिले तू येऊन दाखव. मंग मी बसते."

निघालो. गोंडे वाऱ्यावर उडत होते, मी राणीसारखी बसले होते. पलीकडचा काठ जवळ आला तसा लेकानं वेग कमी केला, गोंडे खाली लोंबले, आणि घशात घास अडकावा तसा आवाज करून बोट बंद पडली. मागचे दोन गोंडे तिनं गिळले होते.

बहीण काठावर काठी टेकून उभी. ओरडली, "अक्का, बैल बसला का गं?"

मला रडूच फुटलं. तिला न्यायला आले आणि न येण्याचं कारणच तिच्या हातात दिलं. लेक पाण्यात उतरला, बोटीच्या पोटाखालच्या, पाणी ओढायच्या जाळीतून धागा धागा ओढून काढला आणि बोट ढकलत काठाला लावली.

बहिणीनं घरून विळा मागवला. उरलेले गोंडे सपासप कापले. मग नवार हातानं दाबून पाहिली.

"ही कुणाची अक्कल?"

"माझीच," मी हळूच म्हणाले.

"ही बरी चालली," म्हणत तिनं कपड्यांची पिशवी माझ्या लेकाकडे दिली आणि बोटीत चढली.

अर्ध्या पाण्यात ती त्याला म्हणते, "लेकरा, इतकी हळू काहून चालवून राहिला? मावशी म्हातारी हाय म्हून?" त्यानं वेग वाढवला. सरकलेल्या मणक्याची ती टाळ्या पिटत होती, आणि धडधाकट पाठीची मी तिच्या गुडघ्यांना मिठी मारून, डोळे गच्च मिटून, देवाला गोंड्यांबद्दल माफी मागत होते.