मगदूम बाई आणि शाळेमागचा खड्डा

मधल्या सुट्टीची घंटा नुकतीच झाली होती. व्हरांड्यात नेहमीचा गलका होता आणि मी सातवीच्या वह्या घेऊन शिक्षकखोलीकडे निघाले होते, तेवढ्यात प्रसादचा फोन आला. प्रसाद म्हणजे सुनंदा मगदूमचा मुलगा. "मावशी, आई गेली," तो म्हणाला आणि मग तुटक तुटक सांगत राहिला. सकाळी चहा घेऊन ती पेपर वाचत बसली होती. छातीत दाटल्यासारखं होतंय म्हणाली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत... मी वह्या कट्ट्यावर ठेवल्या. समोर पहिलीतल्या दोन मुली डबा खाऊन उठल्या. गप्पा मारता मारताच त्यांनी केळ्याची सालं एका बादलीत टाकली, बिस्किटाचा कागद दुसऱ्या बादलीत टाकला आणि पळत मैदानावर गेल्या. मगदूम बाई कोण हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. या मुली शाळेत यायच्या आधीच ती निवृत्त झाली होती.

सुनंदा आणि मी एकाच जूनमध्ये रुजू झालो. ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. ती माझ्याहून काही वर्षांनी मोठी. माहेर कुरुंदवाडजवळच्या खेड्यातलं, जैन शेतकऱ्याचं घर, सासर कोल्हापुरात. मी लग्न होऊन नाशिकहून आलेली, त्यामुळे पहिल्या दिवशी तिचं बोलणं ऐकून चक्रावलेच. "मी काल बाजारात गेलतो," असं ती म्हणाली तेव्हा मला वाटलं, ही नवऱ्याचं काहीतरी सांगतेय. इथल्या पुष्कळ बायका स्वतःविषयी असंच बोलतात हे मला तोवर माहीत नव्हतं. "आमच्यात असंच हाय. ऱ्हा की थोडं दिवस, तूबी बोलशील," असं म्हणून ती मोठ्यांदा हसली. तिचं सगळंच मोठ्यांदा असायचं. ती नववीला पचनसंस्था शिकवायला लागली की शेजारच्या वर्गातली माझी कविता आपोआप थांबायची.

तेव्हा आमची शाळा म्हणजे कोल्हापूरहून हातकणंगल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची कौलारू खोल्यांची एक रांग, पुढे मैदान आणि तिन्ही बाजूंना ऊस. मागे पार कुंपणाजवळ एक खड्डा होता. शनिवारी शाळा सुटली की शिपाईमामा आठवड्याचा कचरा त्यात लोटायचे आणि काडी लावायचे. कचरा तरी काय, वह्यांची फाटकी पानं आणि कडुलिंबाचा पाला. धूर उसावरून निघून जायचा, कुणाच्या डोळ्यांत जायचा नाही. मग शाळा वाढली. बालवाडी आली, वसतिगृह आलं, अकरावी-बारावी आली. कोडोलीकडून, हातकणंगल्याकडून बस भरभरून मुलं यायला लागली. नव्या इमारतींना जागा मागेच होती, त्यामुळे दर दोन-चार वर्षांनी एकेक इमारत खड्ड्याच्या दिशेनं सरकत गेली. "खड्डा जागचा हलला न्हाय, शाळाच त्याच्याकडं चालत गेली," असं सुनंदा म्हणायची. कचराही पूर्वीचा राहिला नव्हता. वेफर्सची पाकिटं, थर्माकोलच्या ताटल्या, वसतिगृहातलं उरलेलं अन्न, सगळं एकत्र. शनिवारपर्यंत ते ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून रोज जाळणं सुरू झालं.

आणि मग थंडीतला तो दिवस आला. वारा उलटा फिरला आणि सगळा धूर बालवाडीच्या नव्या हॉलमध्ये शिरला. मुलं खोकत रडत बाहेर पळाली. एक लहानगी, आरोही, मात्र भिंतीशी बसून राहिली होती. तिला आधीपासून दम्याचा त्रास. सुनंदा प्रयोगशाळेतून धावत आली, तिनं पोरीला उचललं आणि माझ्या स्कूटरवर मागे बसली. त्या वाटेवर तिनं मला फक्त "चल" आणि "लौकर" एवढंच म्हटलं. पोरीच्या छातीतून येणारी शिट्टी मला गाडी चालवताना ऐकू येत होती. दवाखान्यात वाफ दिल्यावर आरोहीचा श्वास हळूहळू सरळ झाला. तिची आई आली, तिनं पोरीला मिठीत घेतलं, आणि सुनंदा बाहेर येऊन पायरीवर बसली. तिच्या साडीला धुराचा वास येत होता.

संस्थेच्या अध्यक्षांना आम्ही सगळे आण्णा म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, फक्त इमारती बांधण्यात गुंतलेला. त्याच दुपारी सुनंदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आण्णा, हितनं फुडं त्या खड्ड्यात काडी पडली तर मी शाळंत पाय ठेवणार न्हाय."

"मग करायचं काय, बाई?" आण्णा म्हणाले. "ग्रामपंचायतीची गाडी गेटापर्यंत येती, पण सगळं एकत्र असलं की हात लावत न्हाईत. एवढ्या पोरांचा कचरा वेगळा कोण करणार? तुम्ही?"

"करतो की!"

बोलून गेली खरी, पण बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "आता गं?"

सुरुवात तिनं शिक्षकखोलीपासून केली. टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली आणि आमची कचरापेटी त्यावर उपडी केली. चहाचा चोथा, संत्र्याची सालं, रिकाम्या रिफिली, कुणीतरी अर्धा टाकलेला वडा. "बघा, हा बीएड झालेल्यांचा कचरा," ती म्हणाली. दोघे-तिघे उठून गेले, पण बाकीचे हसले आणि हातही लावू लागले. मग प्रत्येक वर्गाला दोन बादल्या आल्या. आपल्या वर्गाचा कचरा आपणच नेऊन टाकायचा, आणि पाळी सगळ्यांची, शिक्षकांचीसुद्धा. मुख्याध्यापकांनी मध्येच सुचवलं, की उशिरा येणाऱ्या मुलांना हे काम शिक्षा म्हणून द्यावं. तेव्हा ती जी भडकली! "शिक्षा म्हणून कचरा उचलाय लावला की पोरं कचऱ्याला न्हाय, कचरा उचलणाऱ्याला घाण समजाय लागत्यात. तसलं माझ्या हातनं हुणार न्हाय." मुख्याध्यापकांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

पालकांचं मात्र एवढं सोपं नव्हतं. एका मुलीचे वडील मोटरसायकल थेट व्हरांड्यापर्यंत घेऊन आले. "पोरगी शिकाय पाठवलीया, कचरा उपसाय न्हाय!" त्यांचा आवाजही सुनंदाच्या तोडीचा. मला वाटलं, आता पेटतंय. पण ती शांतपणे म्हणाली, "बसा पावणं. तुमची पोरगी दुसऱ्याचा कचरा उचलत न्हाय, सोताचा उचलती. तरीबी नगं म्हणत असशीला तर उद्यापासनं तिच्या वाटणीचा मी उचलतो." ते बसले नाहीत, चहाही घेतला नाही. जाताना एवढंच म्हणाले, "तुम्ही कशाला उचलताय..." ती मुलगी दुसऱ्या दिवशी बादली घेऊन आली.

सुका कचरा पंचायतीच्या गाडीत जाऊ लागला. ओल्याचं खत करायचं म्हणून मागे विटांचे हौद बांधले. आणि तिथं सगळं बिघडलं. वसतिगृहातलं पातळ आमटी-भाताचं उरलेलं एवढं यायचं, की आठवड्याभरात त्याचा चिखल झाला, अळ्या पडल्या, वास थेट कार्यालयापर्यंत पोहोचला. आण्णांनी निरोप पाठवला, महिन्याभरात सुधारलं नाही तर पूर्वीसारखं सुरू. पूर्वीसारखं म्हणजे खड्डा आणि काडी.

त्याच दिवसांत एका रविवारी मी तिच्याबरोबर तिच्या माहेरी गेले. तिची आई, घरातली सगळी तिला आव्वा म्हणायची, तेव्हा खूप थकली होती. पण लेक काय करतेय हे तिच्या कानावर आलं होतं आणि ते तिला पटलेलं नव्हतं. जेवताना तिनं विचारलं, "सुनंदा, त्या ढिगात खोरं घालतीस तवा किती जीव मरत असतील गं?"

"मरत असतील, आव्वा. पर जाळत हुते तवा समदंच मरत हुतं."

"म्हंजे थोडं मेलं तर चालतंय व्हय?"

आव्वानं आपल्या ताटात पाणी घातलं, बोटानं ताट धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. मग म्हणाली, "एवढ्या अन्नाचा ढीग हुतोच कसा? पोरं टाकत्यात कशापायी, ते बघितलंस का?"

दुसऱ्या दिवसापासून सुनंदा दुपारचं जेवण वसतिगृहाच्या पंगतीत घेऊ लागली. मुलांमध्ये मांडी घालून बसायची, तेच खायची आणि बघत राहायची. थोड्या दिवसांनी मला म्हणाली, "बारक्यांना तिखट झोंबतंय, थोरल्यांना क्लासची घाई, आन् वाढणाऱ्याला त्याहून घाई. सगळं एकदमच ताटात आदळतोय. पोरांचा दोष न्हाय गं." मग तिनं स्वयंपाकघराच्या मागे लागून लहान मुलांची आमटी वेगळी काढायला लावली, जेवणाची वेळ वाढवून घेतली, आणि आधी अर्धं वाढायचं, मग मागेल त्याला पुन्हा, असं सुरू केलं. आचारी कुरकुरला. पण टाकलेल्या अन्नाची पिंपं नजरेत भरण्याइतकी रिकामी जाऊ लागली. उरलेल्या ओल्या कचऱ्यावर ती कडुलिंबाचा वाळका पाला थर देऊन पसरायची, जो आम्ही इतकी वर्षं जाळत आलो होतो. वास हळूहळू मेला. आण्णांचा महिना उलटून गेला आणि त्यांनी काही विचारलंही नाही. उन्हाळ्याच्या सुमारास हौदातून काळं, भुसभुशीत, पावसाळी मातीच्या वासाचं खत निघालं, तेव्हा तिनं ते ओंजळीत घेऊन सगळ्या शिक्षकखोलीला हुंगायला लावलं.

पण आव्वाचा प्रश्न तिच्या मनातून गेला नव्हता. खोरं घालायच्या आधी ती काठीनं वरचा पाला हलकेच बाजूला करायची आणि थोडा वेळ तशीच उभी राहायची. किड्यामुंग्यांना बाजूला व्हायला वेळ मिळावा म्हणून. मुलांनी विचारलं तर सांगायची, "त्यांचं घर हाय ते. दार वाजवून जावं."

खड्डा बुजला. तिथं आता बालवाडीची घसरगुंडी आहे. आरोही चांगली उंच झाली, दहावी होऊन गेली. सगळंच जमलं असं मात्र नाही. वेफर्सच्या पाकिटांपुढे सुनंदा हरली. दुधाच्या पिशव्या ती घरी धुऊन वाळवून भंगारवाल्याला द्यायची, पण ही पाकिटं तो घेत नव्हता; ती गाडीत जायची, आणि पुढे कुठे जातात हे तिला ठाऊक होतं. "आता दुसऱ्या कुणाच्या तरी खड्ड्यात जळत असत्याल," असं म्हणून ती विषय बदलायची. दरवर्षी स्नेहसंमेलनाला थर्माकोलच्या ताटल्या यायच्या आणि दरवर्षी ती जेवणवाल्याशी भांडायची. निवृत्त झाली त्या वर्षीसुद्धा भांडली.

गेल्या महिन्यात मी तिच्या घरी गेले. ती गेल्यानंतर भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली होती. सुनंदाचे यजमान, आमचे भाऊजी, बाहेरच्या खोलीत बसले होते. फारसं न बोलणारा माणूस. बँकेत नोकरी झाली आणि घरातलं सगळं तिनंच बघितलं. त्यांनी कधी स्वतःचा कप विसळल्याचंही मी पाहिलं नव्हतं. सून चहा टाकायला आत गेली. मी मागच्या गॅलरीत आले, आणि तिथं कपडे वाळत घालायच्या दोरीवर दुधाच्या पिशव्या चिमट्यांनी लावलेल्या दिसल्या. धुतलेल्या, उघडून उलट्या केलेल्या, ओळीनं. एवढ्या दिवसांत किती चहा झाले असतील, तेवढ्या पिशव्या. मला वाटलं, सुनेनं केलं असेल.

भाऊजी माझ्या मागोमाग आले. त्यांनी एकेक पिशवी बोटांत धरून पाहिली आणि वाळलेल्या काढून घडी घातली. शेवटची एक त्यांनी दोनदा चाचपली. "कोपऱ्यात ओली हाय अजून," ते म्हणाले, "ओली ठिवली की वरडायची..."

आणि चिमटा परत नीट लावून त्यांनी ती दोरीवर तशीच राहू दिली.